लाल टोक जाळीकडे

नव्या घरात पाऊल टाकलं की लोक आधी खिडकी उघडून बाहेर बघतात. गोटीकाकू आधी खाली बघायच्या. मग पिशवीतून निळी काचेची गोटी काढून खोलीच्या मधोमध ठेवायच्या आणि हात मागे घ्यायच्या. गोटी जागच्या जागी बसून राहिली तर काकूंचं तोंड उतरायचं. गोटी हळूच निघाली, भिंतीच्या दिशेनं चालू पडली, की चेहरा खुलायचा. शेजारच्या घरात भांडी आपटल्याचा आवाज ऐकून काही लोकांचा खुलतो ना, तस्सा.

"चालली," त्या म्हणायच्या. "राहायला येणाऱ्याच्या आधी गोटीलाच कळलं, इथं थांबण्यात अर्थ नाही."

पिशवीत गोटीखेरीज आणखी तीन वस्तू असत. वीतभर लाकडी काठी, दोऱ्याला बांधलेला जड नट आणि मुठीत मावेल असा आरसा. काठीनं त्या फरशीला टकटक करायच्या. खाली सिमेंट नीट भरलेलं असेल तर आवाज ठणठणीत येतो. कारागिरानं घाईघाईत चार कोपऱ्यांत चार गोळे टाकून वरून टाइल दाबली असेल, तर डबडब येतो. दोऱ्याचा नट भिंतीशी सोडला की भिंतीचं पोट कुठं सुटलंय ते दिसायचं. आरशाचं मात्र लोकांना नवल वाटायचं. 'या वयात काकूंना आरसा कशाला?' अशी कुजबुजही व्हायची. काकू तो आरसा उंच धरून बाथरूमच्या दाराची वरची कड न्याहाळायच्या, तिथं रंग पोचलाय की नाही ते.

"रंगाऱ्याला वाटतं, तिथं वरून बघणारा फक्त देव. आणि देव काही तक्रार करत नाही. पण वाफ वर जाते हो! दोन वर्षांत दार असं फुगतं, की आत गेलेला पाहुणा आतच."

हे सगळं त्या कुठं पुस्तकात वाचून शिकल्या नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी स्वतः गुडघ्यांवर बसून फरश्या बसवल्या होत्या. नवरा गवंडी. भिंती उभ्या करायचा आणि घरी आला की भिंतीसारखाच गप्प बसायचा. काकू आधी त्याच्या हाताखाली घमेली उचलायच्या. एके दिवशी फरशीवाला आलाच नाही आणि मुकादम डोक्याला हात लावून बसला. काकू म्हणाल्या, "मी बघू का?" संध्याकाळपर्यंत त्यांनी एक खोली पुरी केली. दुसऱ्या दिवशी फरशीवाला आला, खोली बघितली आणि चहा पिऊन परत गेला. असं काकू सांगतात. फरशीवाल्याची बाजू कुणी ऐकलेली नाही.

पुढं गुडघे बोलू लागले तेव्हा त्यांनी थापी खाली ठेवली. पण कान आणि डोळे कुठं खाली ठेवता येतात? ओळखीत कुणी नवं घर घेतलं की बोलावणं यायचं. "काकू, जरा नजर टाकून जा." काकू जायच्या, गोटी सोडायच्या, दाराआड लपलेलं दिव्याचं बटण दाखवायच्या ("अंधारात आत जायचं, दार लावायचं, मग दिवा शोधायचा. डोकं कुणाचं हे?"), पुट्टी फासून बुजवलेली भेग नखानं उकरायच्या. आणि परत येताना चार घरं थांबून सगळा वृत्तांत सांगायच्या. कुणाच्या सिंकचं पाणी कुणाच्या छतातून गळतं, हे अख्ख्या वस्तीला त्यांच्यामुळं तोंडपाठ होतं.

आता त्यांच्या जावयाविषयी.

जावई म्हणजे त्यांचाच चेला. कामाला लागला तेव्हा टाइलचा उजवा-डावा त्याला कळत नव्हता. काकूंची मुलगी दुपारी आईचा डबा घेऊन साइटवर यायची. ती जिन्यावरून वर येत असताना या गड्यानं एकदा सहा टाइल उलट्या बसवल्या. काकूंनी सहाच्या सहा उचकटायला लावल्या आणि मुलीला म्हणाल्या, "उद्यापासून डबा मी सकाळीच घेऊन येईन." उपयोग शून्य. वर्षभरात लग्न झालं आणि जावई काकूंच्याच घरी राहायला आला. माणूस मात्र सोन्यासारखा निघाला. हात स्वच्छ, बोलणं कमी आणि सासूवर श्रद्धा अशी, की सासू म्हणाली 'आज रविवार', तर कॅलेंडर चुकलं असेल असं म्हणणारा.

काम सोडताना काकूंनी या जावयाला आपली पट्टी दिली. ही पट्टी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. हातभर लांबीचं सरळ लाकूड, आणि एका टोकाखाली दोन चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेली बोटाच्या पेरापेक्षाही पातळ लाकडी चिप. बाथरूमच्या फरशीला जाळीकडे ढाळ लागतो, नाहीतर पाणी जाणार कुठं? चिपेचं टोक जाळीकडे करून पट्टी फरशीवर ठेवायची, वर पाण्याचा बुडबुडा असलेली लेव्हल ठेवायची. बुडबुडा मधोमध आला की समजायचं, ढाळ हवा तेवढा आला. ना हिशेब, ना मोजमाप. देण्याआधी काकूंनी ती घासूनपुसून पॉलिश केली, आणि जावयाला चुकायला जागाच राहू नये म्हणून एका टोकाला लाल रंग दिला.

"लाल टोक जाळीकडे," त्या म्हणाल्या. "एवढं लक्षात ठेवा, जावईबापू. बाकी डोकं घरी ठेवून कामाला गेलात तरी चालेल."

जावयानं दोन्ही हातांनी पट्टी घेतली. पुढची दोन-तीन वर्षं तो दिवाणखाने आणि जिने करत राहिला, तेव्हा पट्टी खोळीतच राहिली. मग नशीब उघडलं. आठ मजल्यांच्या एका नव्या इमारतीतल्या बत्तीस घरांचं, बाथरूमसकट सगळं फरशीकाम त्याच्या एकट्याच्या हाती आलं. इमारतीचे इंजिनीयर, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, ते म्हणाले होते, "हे नीट झालं की रस्त्यापलीकडची इमारतही तुझीच." पलीकडची याच्या दुप्पट. तिथं चार माणसं हाताखाली घेऊन स्वतः मिस्त्री व्हायचं, एवढं एकच स्वप्न त्या माणसानं उभ्या आयुष्यात बघितलं होतं.

किल्ल्या वाटण्याचा आठवडा जवळ आला तेव्हा तो सासूसमोर येऊन उभा राहिला.

"आई, एक मागणं होतं."

"बोला."

"आमच्या इमारतीत गोटी नको."

"का? घाबरलात?"

"काम चोख आहे हो. पण तुम्ही नुसत्या फाटकाशी दिसलात तरी साहेबांना घाम फुटतो. पलीकडचं काम हातात येईपर्यंत तेवढं..."

"बरं, नाही येत."

"शपथ?" आतून मुलीचा आवाज आला. ती आईला पुरती ओळखून होती.

"शपथ."

"मग गोटी दे इकडं." मुलगी हात पुसत बाहेर आली, तिनं पिशवीतून गोटी काढली आणि बटणांच्या डब्यात टाकून डबा कपाटावर ठेवून दिला. "पलीकडचं काम मिळालं की परत देईन."

"आईच्या हातून खेळणं काढून घेतेस?"

"खेळणं असतं तर राहू दिलं असतं."

चार दिवस काकूंनी शपथ पाळली. पाचव्या दिवशी पोस्टमास्तर आले. शेजारच्या घरातले, निवृत्त, हातात काठी आणि खिशात कायम खोकल्याच्या गोळ्या. त्यांनी त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर घर घेतलं होतं.

"काकू, तुमच्या जावयानं बसवलेली फरशी बघायला चला. तपासायला नाही हो, नुसती बघायला."

"नुसती बघायला?"

"हात मागे बांधून."

आता बघायला जाऊ नये अशी शपथ कुठं होती? काकूंच्या हिशेबी शपथ गोटीची होती आणि गोटी कपाटावर होती. काकू निघाल्या.

त्या पाचव्या मजल्यावर काकूंनी जे सोसलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. हात खरोखरच मागे बांधले होते. दिवाणखान्याची खिडकी बंद करताना पोस्टमास्तरांना गुडघा लावावा लागला, काकू गप्प. स्वयंपाकघरात प्लगचा खटका नेमका सिंकच्या मागे, हात लांबवला तर कोपर पाण्यात. काकू ओठ चावून गप्प. बेडरूममध्ये दार आणि कपाट एकमेकांसमोर असे, की एक उघडायचं तर दुसऱ्यानं माघार घ्यायची. काकूंच्या कपाळाची शीर उडू लागली. पण जावयाची फरशी! काय फरशी होती! सांधा सांध्याला मिळालेला, पोस्टमास्तरांची काठी चालता चालता टेकायची तर आवाज ठणठणीत. काकूंची छाती फुगली. त्यांनी हात पुढं घेतले.

"आणि हे बाथरूम," म्हणत पोस्टमास्तरांनी ऐटीत नळ सोडला. "धार बघा काय जोराची!"

धार जोराचीच होती. पाणी फरशीवर पसरलं, क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं, आणि कोपऱ्यातल्या जाळीकडे पाठ करून थेट दाराकडे निघालं. दाराशी साचलं, वर चढलं, बुटका उंबरा ओलांडला आणि काकूंच्या चपलांना येऊन लागलं.

"अरे वा," पोस्टमास्तर म्हणाले, "पाणी पाहुण्यांच्या स्वागताला येतं वाटतं?"

काकूंनी नळ बंद केला. "खोकल्याची गोळी द्या."

"खोकला झाला?"

"द्या म्हणते ना!"

गोल गोळी त्यांनी जाळीच्या तोंडाशी ठेवली. गोळी जाळीत पडण्याऐवजी वळली आणि ओल्या फरशीवरून घरंगळत दाराशी येऊन थांबली. इथं शहाण्या बाईनं गोळी उचलावी, चपला झटकाव्यात आणि घरी जाऊन जावयाच्या कानात सांगावं. पण तीस वर्षांची सवय! तोंडून गेलंच, आणि तेही अशा आवाजात की पाच मजले खाली वॉचमननं ऐकलं.

"अहो, ढाळ उलटा!"

त्या दिवशी घरं बघायला बरीच मंडळी आली होती. अर्ध्या तासात इमारतीतले सगळे नळ सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावर उलटा. सातव्यावर उलटा. बत्तीसच्या बत्तीस बाथरूम, आणि प्रत्येकात पाणी जाळीला टाळून शिस्तीत दाराकडे. कमी नाही, जास्त नाही, सगळीकडे अगदी सारखं. इतकं बिनचूक चुकलेलं काम त्या वस्तीनं कधी बघितलं नव्हतं.

दुपारी जावई घरी आला तो हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊनच. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, चूक फरशीवाल्याची, त्याला काढून टाकलंय, उद्या सकाळी खाली पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर तसं लिहून देतो. पलीकडची इमारत दुसऱ्याकडे.

मुलीनं आईकडे बघितलं.

"अगं, गोटी नव्हती माझ्याजवळ," काकू म्हणाल्या.

"तोंड होतं ना?"

"आई बरोबरच बोलल्या," जावई म्हणाला. "ढाळ उलटाच आहे. मी बघितला." त्यानं पिशवीतून पट्टी काढून ठेवली, एखाद्या आजारी माणसाला निजवावं तशी. "पण मला कळत नाही. लाल टोक जाळीकडेच ठेवलं होतं. बत्तीसही ठिकाणी. तिसऱ्या बाथरूमला वाटलं होतं हो मला, की पाणी दाराकडे येईल की काय. पण म्हटलं, पट्टी आईंची आहे. आपली नजर चुकत असेल."

"आणि साहेबांनी पाणी सोडून बघितलं नाही?" मुलीनं विचारलं.

"बघितलं की. प्रत्येक ठिकाणी."

काकूंनी पट्टी मांडीवर घेतली. तीस वर्षांत त्या पट्टीकडे त्यांनी कधी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. चिपेच्या टोकाला कडेवर एक खाच होती, ती अंगठ्याला लागली की पट्टी आपोआप फिरायची. आता अंगठा कडेवरून फिरला. पॉलिशखाली दबलेली खाच सापडली. लाल टोकालाच. मग त्यांनी पट्टी उलटी केली. चिप होती दुसऱ्या टोकाला.

काकूंनी पट्टी पुन्हा सुलटी केली, पुन्हा उलटी केली. चिप तिथंच.

झालं कसं, तेही लख्ख आठवलं. पॉलिश करायचं म्हणून त्यांनी चिप काढून बाजूला ठेवली होती. लाकूड घासलं, पॉलिश केलं, खाच चाचपून लाल रंग दिला. सगळं बरोबर. एवढ्यात शेजारची शिंपीणबाई येऊन टेकली आणि तिनं वस्तीतल्या कॅशियरच्या टोपाची गोष्ट काढली. कॅशियरच्या डोक्यावरचे केस त्याचे नव्हते, हे त्याच्या बायकोला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं, आणि तेही कसं, तर खिडकीत टोप वाळत घातला होता तो वाऱ्यानं उडाला आणि खालच्या घरातल्या मांजरीनं पळवला. मांजरीमागे कॅशियर, कॅशियरमागे बायको. काकू हसून हसून लोळल्या. आणि हसता हसता, डोळे पुसता पुसता, त्यांनी चिप हाताला लागेल त्या टोकाला ठोकली. दोन चुका, चार घाव. तोंडही चालू, हातही चालू.

म्हणजे बत्तीस बाथरूमचा ढाळ उलटा केला तो कॅशियरच्या टोपानं. पण कॅशियरवर केस करता येत नाही.

संध्याकाळी मुलगी भाजी आणायला गेली. जावई मागच्या अंगणात होता. काकू आतल्या खोलीत पट्टी घेऊन एकट्याच बसल्या. चिप काढायची, दुसऱ्या टोकाला ठोकायची. दोन मिनिटांचं काम. पट्टी काही बोलत नाही. शिंपीणबाईला काल काय खाल्लं ते आठवत नाही. जावई तर स्वतःच म्हणतोय, माझी नजर चुकली असेल. वस्तीत गेली कित्येक वर्षं काकूंनी कुणाचं काय काय काढलं नव्हतं? प्लंबरचं काढलं, रंगाऱ्याचं काढलं, सुताराचं तर लग्न मोडता मोडता राहिलं. आता काकूंचंच निघालं, तर ही सगळी मंडळी ओळीनं बसून टाळ्या पिटतील. आणि पुढं कुणी म्हणेल का, 'काकू, नजर टाकून जा'? ती नजर गेली की काकूंजवळ उरतं काय? दुखरे गुडघे.

त्यांनी दार लोटलं. स्क्रूड्रायव्हर घेतला. पहिली चूक उपटली.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. खिडकीतून बघितलं तर जावई ओल्या वाळूचा चौकोन करून बसला होता. एका कोपऱ्यात जाळी म्हणून बरणीचं झाकण, समोर दार म्हणून वीट. लाकडाचा एक तुकडा तो पुनःपुन्हा वाळूवर ठेवून बघत होता आणि शाळेतल्या पोरानं पाढा म्हणावा तसा पुटपुटत होता, "लाल टोक जाळीकडे. लाल टोक जाळीकडे." भाजी घेऊन आलेली मुलगी मागं उभी होती. तिला त्यानं विचारलं, "मला दिशा कळत नाहीत का गं? तुला कधी तसं वाटलं?"

मुलगी भाजीची पिशवी खाली ठेवत म्हणाली, "बाजारात एकदा चुकला होतात."

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला. "असेल काहीतरी माझ्यात."

काकूंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. उपटलेली चूक होती त्याच भोकात परत घातली आणि वरून ठोकली. नको तेवढ्या जोरानं.

सकाळी पार्किंगमध्ये तीसेक माणसं जमली होती. साहेब कागद हातात घेऊन उभे होते. काकू एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात लेव्हल घेऊन आल्या. मागं जावई आणि मुलगी. त्यांना काहीच माहीत नव्हतं. काकूंनी 'चला' एवढंच म्हटलं होतं. काकूंना बघताच साहेबांच्या कपाळावर सवयीनं घाम आला.

"थांबा साहेब," काकू म्हणाल्या. "कागदावर नाव घालायचं राहिलंय."

त्यांनी पट्टी फरशीवर ठेवली, चिप दाखवली, लाल टोक दाखवलं, आणि सांगितलं सगळं. पॉलिश, शिंपीणबाई, टोप, मांजर. सांगायला सुरुवात केली तेव्हा नजर पट्टीवरच होती, पण मांजर येईपर्यंत लोक हसू लागले, आणि लोक हसले की काकूंना राहवतंय कुठं? त्यांनी मांजर जरा वाढवूनच सांगितली. शेवटी मात्र त्या थांबल्या.

"याला मी सांगितलं होतं, डोकं घरी ठेव. त्यानं ठेवलं. चूक त्याची एवढीच, की सासूवर विश्वास ठेवला. हात त्याचे बरोबर आहेत. पट्टी माझी चुकली."

जावयानं पट्टी उचलून चिप चाचपली. मग हळूच बायकोला म्हणाला, "म्हणजे मला दिशा कळतात."

"कळतात हो," ती म्हणाली, आणि डोळ्यांत काही गेल्यासारखं करून तिनं तोंड फिरवलं.

"झालं तर मग," साहेब म्हणाले. "सासू-जावई दोघांनी मिळून इमारतीची वाट लावली. मी लिहून घेतो."

"लिहा की," पोस्टमास्तर काठी टेकत पुढं आले. "फक्त एक सांगा. माझ्या घराच्या कागदांत एक तपासणीचा कागद आहे. 'पाणी सोडून पाहिले, निचरा योग्य.' खाली सही आहे. सह्या ओळखण्यात माझं आयुष्य गेलं साहेब, ही तुमचीच ना?"

"सोडलं होतं की पाणी! प्रत्येक बाथरूममध्ये एक बादली!"

"सोडलं होतं हो," वॉचमन मागून अगदी भक्तिभावानं म्हणाला. "बादली मीच धरायचो. साहेब म्हणायचे, नेमकी जाळीवर ओत, बूट ओले होतात."

यानंतर जो हशा पिकला तो बराच वेळ थांबला नाही. जाळीवर ओतलेलं पाणी जाळीत जाणार नाही तर काय गच्चीवर जाईल? साहेबांनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. बत्तीस सह्या म्हणजे काही थोडक्या नव्हेत, आणि त्या कुणी कॅशियरच्या टोपावर ढकलू शकत नव्हतं.

"मग आता करायचं काय?" साहेबांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच ते खरोखर विचारत होते.

"बाथरूमच्या फरश्या पुन्हा बसवायच्या," पोस्टमास्तर म्हणाले. "सिमेंट-टाइल तुमचं, हात याचे. दुसरा कुणी नको. ज्याला बत्तीस वेळा एकसारखं चुकता येतं, त्याला बत्तीस वेळा एकसारखं बरोबरही करता येईल. पलीकडच्या इमारतीला असा माणूस शोधून सापडणार नाही तुम्हाला."

मंडळींनी माना डोलावल्या. साहेबांनी जावयाकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे, आणि हळूच मान हलवली. "पण पलीकडं," ते म्हणाले, "गोटी किल्ल्या द्यायच्या आधी यायला हवी. नंतर नको." साहेबांच्या तोंडून इतकं शहाणपणाचं वाक्य त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

काकूंची मात्र सुटका झाली नाही. प्लंबर रस्त्यात भेटला की विचारी, "काकू, घर कुठल्या बाजूला?" रंगाऱ्यानं आरसा भेट पाठवला. सुतार तर मुद्दाम वाट वाकडी करून येई. काकू सगळ्यांना उत्तरं देत, पण पूर्वीपेक्षा अर्धीच. मुलीनं बटणांचा डबा खाली काढून गोटी परत दिली. "घे. आता आधी स्वतःच्या घरात सोड," म्हणाली.

फरश्या पुन्हा बसवायचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी जावई पट्टी, पकड, हातोडी, ब्रश आणि लाल रंगाची डबी घेऊन काकूंसमोर बसला. आता त्याच्या बसण्यातच जरा मिस्त्रीपणा आला होता.

"आई, चिप मी लावणार. रंगही मीच देणार. आणि तो वाळेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही."

"किती वेळ?"

"वाळेपर्यंत."

काकूंनी तोंडावर बोट ठेवलं. जावयानं जुन्या चुका उपटल्या, खाच चाचपली, चिप तिथं ठोकली, उलटून बघितली, बायकोला दाखवली, मग लाल टोकावर ताजा रंग चढवू लागला. तेवढ्यात दारात शिंपीणबाई उगवली, पदर सावरत, डोळे चमकवत.

"अगं, ऐकलंस का? तो टोप सापडला! कुणाच्या डोक्यावर सापडला सांगू?"

काकूंचे डोळे विस्फारले. गाल फुगले. हाताच्या मुठी वळल्या. त्यांनी रंगाकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, गयावया केल्यासारखी मान हलवली.

जावयानं ब्रश उचलून पट्टीचं टोक उजेडात धरलं, शांतपणे निरखलं.

"आणखी एक हात द्यावा म्हणतो," तो म्हणाला.